गाजलेले आणि भावलेले
(बोर्डी येथील व्याख्यानाचा मजकूर)



बोर्डी-घोलवडच्या कुटुंबाला मल्टिप्लेक्समध्ये चित्रपट पाहायचा तर वापीचा किंवा मुंबईच्या दिशेचा रस्ता धरावा लागतो. जाण्या-येण्यात अर्धा दिवस मोडतो. तिकिटे, गाडीभाडे आणि मध्यंतरातील मक्याच्या लाह्या यांचा हिशेब मांडला तर चौघांच्या कुटुंबाचा आठवड्याच्या किराण्याएवढा पैसा सहज खर्ची पडतो. एवढे करून पाहायचा तो चित्रपट जगभर वाखाणलेला, ऑस्करची बाहुली मिळवलेला असावा, असे कोणाला वाटले तर त्यात गैर काही नाही. मुलांचा हट्ट असतो, वर्तमानपत्राने चार तारे दिलेले असतात, आणि मंडळी निघतात.

परतीच्या वाटेवर मात्र गाडीत सारे गप्प असतात. कोणीतरी चाचरत म्हणतो, ‘‘छान होता, नाही का?’’ दुसरा म्हणतो, ‘‘दृश्ये काय भव्य होती!’’ पण कथेतील एखाद्या माणसाची, एखाद्या प्रसंगाची आठवण काढून कोणीच बोलत नाही. चित्रपट आवडला नाही हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि ते बोलण्याचे धाडस एकालाही होत नाही. एवढ्या जाणकारांनी डोक्यावर घेतलेली गोष्ट आपल्याला भावली नाही, तेव्हा उणीव आपल्यातच असणार, अशी समजूत प्रत्येकाने मनोमन करून घेतलेली असते. आजचा विषय हे गप्प बसणेच आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हॉलिवूडवर रुसलेला हा प्रेक्षक परदेशी म्हणून नाक मुरडणारा नाही. चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’ने (१९३१) त्याच्या आजोबांना हसवले आणि रडवले. ‘बेन हर’मधील (१९५९) रथांची शर्यत त्याच्या वडिलांनी मुंबईच्या चित्रपटगृहात श्वास रोखून पाहिली. सिडने ल्युमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) तर अवघ्या ९६ मिनिटांचा. एक बंद खोली, उकाडा, बारा ज्यूरी आणि एका मुलाच्या जिवाचा प्रश्न! जवळजवळ संपूर्ण चित्रपट त्या खोलीत घडतो आणि प्रेक्षक जागचा हलत नाही. ज्याने हे पाहिले आहे त्याला ताजा हॉलिवूडपट फिका वाटला, तर त्याच्या रसिकतेवर संशय घेण्याआधी त्याच्या तक्रारीत तथ्य किती ते पाहणे उचित ठरेल.

पहिले उदाहरण जेम्स कॅमेरॉन यांच्या ‘अवतार’चे घेऊ, कारण नावच आपल्या घरचे आहे. २००९ साली पहिला भाग आला, २०२२ साली दुसरा, २०२५ साली तिसरा. दुसरा भाग ३ तास १२ मिनिटांचा. त्यातील पाण्याखालची दृश्ये खरोखर अपूर्व आहेत. ती पाण्याच्या टाकीत नटांना प्रत्यक्ष उतरवून टिपली गेली आणि केट विन्स्लेट यांनी त्यासाठी सात मिनिटांहून अधिक काळ श्वास रोखून धरला. समुद्रकाठी वाढलेल्या बोर्डीकराने त्याला मनापासून दाद द्यावी. पण कथा? पहिल्या भागात मेलेला खलनायक दुसऱ्या भागात नवा देह धारण करून येतो, मुलांना पकडतो, मुले सुटतात, पुन्हा पकडली जातात. आपल्याकडे अवतार म्हणजे खाली उतरणे, लोकांच्या रक्षणासाठी श्रेष्ठाने आपले स्थान सोडून मर्त्यांत येणे. कॅमेरॉन यांच्याकडे तो एका पेटीत निजून दुसरे शरीर चालवण्याचा तांत्रिक प्रयोग झाला. शब्द कोणीही घ्यावा, भाषा अशाच वाढतात. मात्र शब्द घेताना आतला गर सांडला, हे दिसल्यावर बोलायचे का नाही?

तक्रारीचा दुसरा मुद्दा ह्या परिसराला विशेष जवळचा आहे. अरण्यात राहणारे भोळे वनवासी, त्यांच्या भूमीवर डोळा ठेवून आलेले यंत्रधारी लोभी, आणि त्यांच्यातलाच एक फुटून वनवासींचा सेनापती होतो, अशी ही कथा. वनवासींचा उद्धार बाहेरच्याच पुरुषाने करायचा, तोही युद्ध करून. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांत बाहेरून येऊन राहिलेली माणसे बोर्डीने पाहिली आहेत. ताराबाई मोडक १९४५ साली इथे आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर त्या शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. त्यातून अंगणवाडी जन्मली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी पुढे कुरणशाळा भरली. त्या कोणाच्या सेनापती झाल्या नाहीत, आयुष्यभर शिक्षिका राहिल्या. बाहेरचा माणूस पाड्यात आल्यावर खरोखर काय घडते, किती सावकाश घडते आणि कोण कोणाला शिकवते, हे ज्या गावाला माहीत आहे, त्या गावाला निळ्या कातडीचा तारणहार पोरकट वाटला तर नवल नाही.

‘ड्यून’बद्दल (२०२१) फार बोलण्याचे कारण नाही. सहा ऑस्कर मिळाले, वाळवंट देखणे, संगीत छाती दडपणारे. अडीच तास बसल्यावर प्रेक्षकाला कळते की अर्धीच कादंबरी सांगून झाली, उरलेली पुढच्या भागात. हा पहिला भाग आहे हे पडद्यावर येते, पण जाहिरातीच्या फलकांवर ते ठळक नव्हते. दुकानदाराने असे अर्धे माप दिले असते तर घोलवडच्या बाजारात त्याला चार शब्द ऐकावे लागले असते.

आता ‘ओपनहायमर’. क्रिस्तोफर नोलन यांचा हा तीन तासांचा चित्रपट २१ जुलै २०२३ रोजी प्रदर्शित झाला आणि २०२४ च्या सोहळ्यात त्याने सात ऑस्कर जिंकले. भारतात त्याने शंभर कोटींहून अधिक गल्ला केला. इथल्या प्रेक्षकाने त्याला एवढा प्रतिसाद दिला त्याला एक कारण गीता हेही होते. अणुबॉम्बचा जनक म्हणवला गेलेला हा शास्त्रज्ञ बर्कलेमध्ये आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकला होता. गीता तो मुळातून वाचत असे. १९६३ साली आपल्या विचारांवर ठसा उमटवणारी दहा पुस्तके त्याने सांगितली, त्यांत भगवद्गीता आहे आणि भर्तृहरीची शतके आहेत. ज्या मराठी माणसाने वामन पंडितांच्या समश्लोकीतून भर्तृहरी ऐकला, त्याला केवढे आपलेपण वाटावे! एप्रिल १९४५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट वारले तेव्हा लॉस अलामॉसच्या शोकसभेत ओपनहायमरने गीतेच्या सतराव्या अध्यायातील श्रद्धेविषयीच्या विचाराचा आधार घेतला होता. बॉम्ब बनवणारा माणूस सहकाऱ्यांसमोर उभा राहून श्रद्धेबद्दल बोलतो, ह्यापेक्षा नाट्यमय प्रसंग पटकथाकाराला आणखी कोणता हवा?

तो प्रसंग चित्रपटात नाही. गीतेचा ग्रंथ दिसतो तो शय्यागृहातील एका दृश्यात. त्यावर देशात रोष उसळला, तत्कालीन केंद्रीय माहिती आयुक्त उदय माहुरकर यांनी दिग्दर्शकाला जाहीर पत्र लिहिले. भावना दुखावल्या हे खरेच. परंतु क्षणभर भावना बाजूला ठेवून निव्वळ कलेच्या निकषावर पाहिले तरी ते दृश्य सपशेल फसलेले आहे. ज्या ग्रंथापाशी तो माणूस वर्षानुवर्षे परतत राहिला, तो ग्रंथ तेथे कपाटातील एक विलायती नवलाई होऊन बसतो. अकराव्या अध्यायात अर्जुनाला विश्वरूप दिसते, तो भयाने थरथरतो, आणि भगवंत आपण काळ असल्याचे सांगतात. ओपनहायमरने इंग्रजीत सांगताना त्या ‘काला’चा मृत्यू केला. काळ आणि मृत्यू ह्यांतील अंतरात त्या शास्त्रज्ञाचा सारा मनस्ताप दडलेला आहे. कर्तव्य म्हणून केलेले कर्म आणि त्याचे अक्राळविक्राळ फळ, हा प्रश्न त्याने कुरुक्षेत्रावरून उचलला होता. चित्रपटाने वाक्य घेतले आणि प्रश्न सोडून दिला. अखेरचा मोठा भाग समित्यांच्या खोल्यांत, सुनावण्यांत, एका राजकारण्याच्या सूडकथेत जातो. पार्श्वसंगीत इतके चढे की संवाद ऐकू येत नाहीत. हिरोशिमाचा एकही जळता माणूस दिसत नाही. सिलियन मर्फी यांचा अभिनय श्रेष्ठच आहे, त्यांचे डोळे पुष्कळ काही सांगू पाहतात; पटकथा त्यांना सांगू देत नाही.

पुरस्कारांचा मान राखूनही ते अंतिम प्रमाण का मानू नये, हे २०२३ च्या एकाच रात्रीने दाखवले. त्या रात्री ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ने सात ऑस्कर नेले. धुलाईचे दुकान चालवणारी चिनी स्थलांतरित आई आणि दुरावलेली मुलगी, एवढी साधी, सुंदर गोष्ट. तिच्यावर अनंत विश्वे, सॉसेजच्या बोटांची माणसे आणि अखंड हाणामारी यांचा असा ढिगारा रचला आहे की आईचे अश्रू शोधावे लागतात. त्याच रात्री कार्तिकी गोन्साल्व्हिस यांच्या सुमारे चाळीस मिनिटांच्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ला लघु-माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. मुदुमलईच्या रानातील बोम्मन आणि बेल्ली हे जोडपे, आणि त्यांनी वाढवलेले हत्तीचे पोरके पिल्लू रघू. त्या पिल्लाला वनखाते दुसऱ्याकडे सोपवते तेव्हा पाहणाऱ्या घरात डोळे कोरडे राहत नाहीत. सात बाहुल्यांचे नाव मुलांना तोंडपाठ आहे, रघूचे किती जणांना?

ह्या गाजावाज्यामागे साधा व्यापार आहे. शेकडो कोटींचा खर्च पहिल्या तीन दिवसांत वसूल व्हायचा तर प्रेक्षकाला मत बनवायला वेळ मिळण्यापूर्वीच चित्रगृहे भरली पाहिजेत. म्हणून कौतुक आधी आणि चित्रपट नंतर, असा क्रम झाला. ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ने (२०१९) जगभर सुमारे २८० कोटी डॉलर मिळवले. त्याच वर्षी मार्टिन स्कोर्सेसी ह्या हॉलिवूडच्याच बुजुर्ग दिग्दर्शकाने असल्या चित्रपटांची तुलना जत्रेतील करमणूक-बागेशी केली आणि त्यांना सिनेमा म्हणायला नकार दिला. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. तरी ते मागे हटले नाहीत, उलट सविस्तर लेख लिहून त्यांनी आपले म्हणणे पुन्हा मांडले.

त्यांचे चित्रपट, त्यांचा व्यापार, आपण कशाला मनाला लावून घ्यावे, असे कोणी विचारील. लावून घ्यावे लागते, कारण त्यांचे माप आपल्या घरात शिरते. झाई ओलांडली की पलीकडे उंबरगाव. १९६० पर्यंत हा तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. तेथील वृंदावन स्टुडिओत रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका चित्रित झाली. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी देश थांबत असे. आकाशात दोन बाण एकमेकांना भिडत आणि ठिणगी उडे, एवढीच त्यातील करामत. आजचा शाळकरी मुलगा ती पाहून हसेल. परंतु सागर यांनी वाल्मीकी आणि तुलसीदासांबरोबर एकनाथांचे भावार्थ रामायणही आधाराला घेतले होते, आणि भरत पादुका मस्तकी घेऊन परततो तेव्हा त्या हसणाऱ्या मुलाचेही हसू थांबते. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत, दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली. हाताशी सारे जग उपलब्ध असलेल्या घरांतही ती पुन्हा बसून पाहिली गेली.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १६ जून २०२३ रोजी, ‘आदिपुरुष’ आला. दिग्दर्शक ओम राऊत हे मराठी. ‘लोकमान्य’ आणि ‘तान्हाजी’ करणारे, त्यामुळे अपेक्षा मोठी होती. खर्च सागरांच्या स्वप्नातही न येणारा. पडद्यावर काय आले? पुष्पक विमानाऐवजी वटवाघळासारखे जनावर, काळवंडलेली लंका, दोन रांगांत रचलेली रावणाची शिरे आणि नाक्यावरच्या पोरांची भाषा बोलणारे हनुमंत. प्रदर्शनानंतर संवाद बदलण्याची नामुष्की आली. हॉलिवूडमध्ये भव्य म्हणून जे गाजले तेच भव्य, अशी गाठ मनाशी बांधली की सोन्याची लंकाही काळी होते. वापीहून परतताना गप्प बसलेल्या कुटुंबाची तक्रार त्यांनी वेळीच ऐकली असती तर बरे झाले असते.

परक्याकडून घेऊच नये असे मात्र ह्यातून कोणी काढू नये. दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट मुंबईत पाहिला, तंत्र शिकायला १९१२ साली लंडन गाठले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आणला. ताराबाईंनी इटलीच्या माँटेसरीबाईंची पद्धत घेतली. ती महागडी साधने पाड्यावर परवडणार नाहीत हे दिसताच शंख-शिंपले, बिया, खडे, पाने ह्यांतून साधने घडवली. मूल मोजायला शिकले ते किनाऱ्यावरच्या शिंपल्यांनी.

नितेश तिवारी दिग्दर्शित ‘रामायण’चा पहिला भाग २०२६ च्या आणि दुसरा २०२७ च्या दिवाळीत आणण्याची घोषणा निर्मात्यांनी केली होती. दृश्यकरामती ‘डीएनईजी’ ह्या कंपनीच्या, जिने ‘ओपनहायमर’ आणि ‘ड्यून’साठीही काम केले. संगीतात ए. आर. रहमान यांच्या जोडीला ‘ड्यून’चेच हान्स झिमर. म्हणजे ज्या कारागिरीविषयी आज इतके बोलणे झाले, तीच आता रामकथेच्या सेवेला येत आहे. बोर्डीचे प्रेक्षक वापीची वाट धरतीलच, आणि धरावी. फक्त परतताना गाडीत कोणी विचारले, ‘‘कसा वाटला?’’, तर भरताच्या प्रसंगापासून बोलायला सुरुवात करावी.