परक्या माहेरची, मराठी सासरची



आपली ही उपनगरे बाहेरून आलेल्या माणसांनीच वसविली. कोणी साताऱ्याहून आला, कोणी कोकणातून, कोणी कच्छ-काठेवाडातून. म्हणून दुसऱ्याच्या भूमीत मूळ धरणे म्हणजे काय, हे मुलुंड-घाटकोपरच्या श्रोत्यांस समजावून सांगण्याची गरज नाही. आज आम्ही ज्या दोघींविषयी बोलणार आहो, त्या मात्र पोटासाठी आल्या नव्हत्या.

पहिल्या कमलाबाई निंबकर. माहेरच्या एलिझाबेथ लंडी; अमेरिकेतील क्वेकर घराण्यातल्या. न्यूयॉर्क शहरात स्त्रियांसाठी १८८९ साली निघालेल्या बर्नार्ड कॉलेजच्या त्या पदवीधर. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून १९३०च्या सुमारास त्या इकडे आल्या आणि इकडच्याच झाल्या. हातांना योग्य काम देऊन पंगू माणसाला पुन्हा आपल्या पायांवर उभे करणारे जे व्यवसायोपचाराचे शास्त्र, त्याचे आशियातील पहिले विद्यालय त्यांनी १९५० साली आपल्याच मुंबईत, के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले.

दुसऱ्या डॉ. मॅक्सीन बर्नसन. १९६०नंतरच्या दशकात त्या अमेरिकेतून आल्या, त्या हैदराबादेत इंग्रजी शिकविण्यासाठी. पण शिकवायला आलेली ही बाई शिकायलाच बसली! फलटणात राहून तेथल्या बोलण्यातले भेद त्यांनी अभ्यासिले आणि पेन्सिल्व्हानिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. कमलाबाईंच्या स्नुषा आणि इरावतीबाई कर्व्यांच्या कन्या जाई निंबकर यांच्या सहकार्याने त्यांनी परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके व व्याकरण रचले. १९७८ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या.

विद्वत्तेवर थांबत्या, तर आम्ही त्यांना दुरून नमस्कार करून गप्प बसलो असतो. परंतु फलटणची काही दलित मुले शाळेबाहेर राहतात, हे त्यांनी पाहिले आणि त्यांच्यासाठी वर्ग चालविले. पुढे १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था निघाली आणि १९८६ साली तिची शाळा उभी राहिली. शाळेस नाव दिले ‘कमला निंबकर बालभवन’. एका परदेशी स्त्रीने काढलेल्या मराठी शाळेवर दुसऱ्या परदेशी स्त्रीचे नाव!

या शाळेचे मर्म कशात आहे? ‘व्हतं’ म्हणणारे पोर पहिल्याच दिवशी ‘अशुद्ध’ ठरले, की ते तोंड मिटून घेते. आणि ज्याचे तोंड मिटले, त्याच्या हातची पाटीही मुकी होते. बर्नसनबाईंनी क्रम फिरविला. आधी मुलाने आपल्या बोलीत बोलावे, चित्र काढावे, मनातले लिहावे. अक्षरेही वर्णमालेच्या ओळीने नव्हेत, तर थोडी अक्षरे आणि त्यांबरोबरच मात्रा. म्हणजे अर्थ असलेला शब्द लवकर हाती येतो. प्रमाणभाषा शिकवायची, पण घरच्या भाषेचा अपमान करून नव्हे.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या चाळींत नि सोसायट्यांत मराठी घरची मुले इंग्रजी शाळांत जातात. आईबापांना आम्ही दोष देत नाही. इंग्रजीने नोकरी मिळते, हा त्यांचा अनुभव आहे. बर्नसनबाई तर स्वतः इंग्रजीच्याच शिक्षिका होत्या. त्यांचा आग्रह इंग्रजी टाकण्याचा नव्हे. पाया मातृभाषेचा असावा, एवढाच. आणि येथे एक प्रश्न आपल्या छातीवर येऊन बसतो. ज्या भाषेसाठी दुसऱ्या खंडातून आलेल्या स्त्रीने आयुष्य वेचले, तिच्यासाठी आपण आठवड्यातून एक तास तरी देतो काय?

पैसा नको, मंडळ नको, ठराव तर मुळीच नको. शेजारचे एक मूल जवळ घ्यावे, एक मराठी गोष्ट वाचून दाखवावी, आणि मग ते आपल्या बोलीत जे सांगेल, ते मध्ये न तोडता ऐकून घ्यावे. भाषेचे रक्षण व्यासपीठावरून होत नसते. ते असेच, ओसरीवर बसून होते.