पायाखालची पोकळी

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही शास्त्रज्ञ नाही. साच्यावर हयात गेलेला गिरणी कामगार. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावे. पण विषय आपल्या दारापुढचा आहे.

बाजारात माठ घेताना आपल्या बाया टिचकी मारून बघतात. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर ठेवून द्यायचा. गवंडीसुद्धा गिलावा ठोकूनच आतून सुटला की नाही ते ओळखतो. जमिनीला अशी टिचकी मारणारे एक यंत्र आहे, त्याला ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार म्हणतात. ढकलगाडीसारखे चालवतात किंवा मोटारीला जोडतात. त्याचा अँटेना जमिनीत रेडिओ लहरी सोडतो. माती सरून दगड, पाइप किंवा पोकळी लागली की लहरीचा काही भाग परत फिरतो. तो किती वेळात आला त्यावरून खोली काढतात. हा वेळ सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शात मोजायचा, बरं का! पडद्यावर पोकळीच्या जागी बहुधा कमानीसारखी रेघ उमटते. परंतु पाइपाचीही कमान उमटते आणि मोठ्या धोंड्याचीही. म्हणून वाचणारा माणूस मुरलेला लागतो. संशय आला की तिथे बारीक भोक पाडून कॅमेरा सोडतात आणि खात्री करून घेतात.

आता ही पोकळी होते कशी? खालचे गटाराचे पाइप जुने होतात, त्यांना तडा जातो. पावसाच्या पाण्याबरोबर भोवतालची माती थोडी थोडी पाइपात वाहून जाते. खड्डा खालून वर चढत येतो. वरचे डांबर मात्र जागच्या जागी! टम्म फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा पाहा, वरून भाकरी अख्खी आणि आत नुसती वाफ. त्या पापुद्र्यावरून आपली पोरे शाळेला जातात. आमच्या गल्लीत एका पावसाळ्यात जमीन बसली, तेव्हा डेब्रिज टाकून वर डांबर फासले. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तिथेच बसली. खालचा पाइप कोणी बघितलाच नव्हता.

असे फक्त आपल्याकडेच होते असे समजू नये. जपानमध्ये टोकियोजवळ याशियो नावाचे शहर आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी सकाळी तिथे चौकातला रस्ता एकाएकी खचला आणि एक ट्रक आत गेला. चालक ७४ वर्षांचा. ज्या वयात माणसाने नातवंडे खेळवावीत त्या वयात तो ट्रक हाकत होता. त्याचा मृतदेह मे महिन्यात हाती लागला. रस्त्याखाली सुमारे १० मीटर खोल १९८३ पासूनचा गटाराचा पाइप होता, पावणेपाच मीटर व्यासाचा. खड्डा वाढत गेला, आणि सुमारे १२ लाख लोकांना आंघोळी-धुणी आवरती घ्या म्हणून सांगावे लागले.

तुम्ही म्हणाल, जपान्यांकडे रडार नव्हते काय? होते की! रडार बसवलेल्या गाड्या त्यांच्या रस्त्यांवर कित्येक वर्षे फिरतात. परंतु अशा गाडीला साधारण दीड-दोन मीटर खोलीपर्यंतचेच भरवशाने दिसते. लहर बारीक ठेवली तर चित्र स्पष्ट येते पण खोल जात नाही, मोठी ठेवली तर खोल जाते पण चित्र ढोबळ होते. त्यात ओली चिकणमाती आणि खारे पाणी लहर गिळून टाकतात. भराव घालून उभ्या राहिलेल्या आपल्या मुंबईसारख्या शहरात ही अडचण आणखीच. दहा मीटर खालचा कुजका पाइप वरून दिसत नाही. पोकळी वर चढत आली की मगच दिसते. म्हणून एकदा गाडी फिरवली, कागद रंगवला आणि काम झाले, असे चालत नाही. पुन्हा पुन्हा फिरवावी लागते, आणि पाइप आतून तपासावा लागतो तो वेगळाच.

त्या पाइपाचा घास घेतला तो गटारातल्या वायूने. हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास येतो तोच. पाइपाच्या ओल्या छताला चिकटलेले जंतू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते काँक्रीट खाते. हा वायू जास्त झाला की नाक मरते, वासच येत नाही, आणि आत उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो. आपल्या वस्त्यांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूला ३० लाखांची भरपाई द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. तरी बातम्या येतातच.

याशियोच्या दुर्घटनेनंतर जपानभर जुने मोठे पाइप तपासायला घेतले. त्याच तपासणीच्या कामात, २ ऑगस्ट २०२५ रोजी, त्याच प्रांतातल्या ग्योदा शहरात एक कामगार मॅनहोलमध्ये पडला. त्याला काढायला दुसरा गेला, मग तिसरा, मग चौथा. चौघेही गेले. चौघेही पन्नाशीतले, म्हणजे आमच्याच वयाचे. याशियोला पाइपात अडकलेली ट्रकची केबिन शोधायला ड्रोन पाठवला होता. इथे माणसे गेली. हे वाचले त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

आपल्याकडे रडार कधी येईल ते येईल. तोवर निदान कुठे जमीन बसते, कुठे वासाचा भपकारा येतो, कुठे नळाचे पाणी गढूळ झाले, हे आपल्याच लोकांना ठाऊक आहे. आम्ही गल्लीचा नकाशा काढून विहाराच्या टेबलावर ठेवला आहे. पेन्सिल दोरीने बांधली आहे. जाताना आपापल्या दारापुढची खूण करावी, शेजारी तारीख घालावी. चार खुणा आमच्या आधीच झाल्या आहेत.