तबकडी एकाची, मैफल चौघांची

अकोट हें सातपुड्याच्या पायथ्याजवळचें, कापसाच्या बाजारपेठेचें गांव. नरनाळ्याचा किल्ला जवळ, आणि सतरंज्यांबद्दल गांवाचा जुना लौकिक. अशा गांवीं एखाद्या संध्याकाळीं चार मित्रांनीं सतरंजीवर बसून अमेरिकन जॅझच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्या आणि त्यांविषयीं वाद घालावा, हें पुष्कळांस विचित्र वाटेल. परक्या भूमीचें संगीत वऱ्हाडच्या माणसानें कां म्हणून उराशीं धरावें? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. तो खरा ठरला, तर असली बैठक म्हणजे नुसती मिरवण्याची हौस होय.

परंतु हें संगीत वऱ्हाडास वाटतें तितकें परकें नाहीं. १९५१ सालीं निघालेल्या ‘अलबेला’ चित्रपटाचे दिग्दर्शक व नायक भगवान पालव यांचा जन्म १९१३ मध्यें अमरावतीस झाला. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र पुणतांब्याचे, त्यांचें संगीताचें कांहीं शिक्षण नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे झालें. आणि रामचंद्रांचे साहाय्यक होते गोव्याचे ट्रंपेटवादक अंतोनियो झेव्हियर वाझ ऊर्फ चिक चॉकोलेट. मुंबईच्या हॉटेलांत त्यांचा ताफा जॅझ वाजवीत असे, आणि त्यांस हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ज्या घरांत जॅझ हा शब्दही कोणीं उच्चारला नव्हता, तेथेंही त्याचा स्वर सिनेमाच्या गाण्यांतून असा येऊन पोंचला होता.

तेव्हां बैठकींत पहिली तबकडी आर्मस्ट्राँगचीच लागावी, हें रास्त. १९२८ सालच्या ‘वेस्ट एंड ब्लूज’चा आरंभ एकट्या ट्रंपेटनें होतो. साथ नाहीं, ठेका नाहीं. स्वर मोकळेपणीं वर चढतात, खालीं येतात आणि मग सावकाश लय सुरू होते. ख्याल ऐकणारा चटकन् म्हणेल, “ही तर आलापी!” दुसरा हरकत घेईल, “आलापींत राग हळूहळू उलगडतो. येथें सगळें कांहीं सेकंदांत उरकलें.” दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटें चाले. तेवढ्यांत सर्व सांगावयाचें, तर उलगडा आंखडावाच लागतो. आपल्या गवयांसही त्या काळच्या तबकडींत हीच अडचण सोसावी लागली. हा वाद निघाला म्हणजे तबकडी पुन्हां लावली जाते, आणि दुसऱ्या खेपेस ती निराळी ऐकूं येते.

मग निघावी कोलमन हॉकिन्सची १९३९ ची ‘बॉडी अँड सोल’. मूळ चाल तो जेमतेम सुचवितो आणि लगेच सॅक्सोफोनवर आपली नवी स्वररचना करीत सुटतो. “चालच राहिली नाहीं, मग गाणें कोठें राहिलें?” असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, चालीखालची स्वरसंगतींची मालिका कायम आहे. बत्तीस मात्राखंडांचें तें चक्र पुरें होऊन पुन्हां फिरतें. आवर्तनाची समज असलेल्यास हें पटण्यास वेळ लागत नाहीं.

पुढें १९४८ सालीं दीर्घ मुद्रिका निघाली. तत्पूर्वीं अनेक तबकड्या वहीसारख्या एकत्र बांधून विकीत. तिलाच आल्बम म्हणत, आणि तेंच नांव पुढें एकट्या दीर्घ मुद्रिकेस चिकटलें. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ मध्यें पांचांपैकीं चार रचना नऊ मिनिटांहून अधिक चालतात. स्वरसंगतींची गर्दी कमी करून थोड्या स्वरसप्तकांवर तेथें रचना उभी केली आहे. येथें रागप्रेमी श्रोता हुरळून जातो. परंतु चोखंदळ मित्रानें त्यास आवरावें. नुसतें स्वरसप्तक म्हणजे राग नव्हे. रागास चलन असतें, वादी-संवादी असतात. साम्याचा आनंद घ्यावा, पण भेद बुजवूं नये.

आज या साऱ्या ध्वनिमुद्रिका खिशांतल्या यंत्रावरही मिळतात. अकोटच्या श्रोत्यास आतां तबकडीचें दुर्भिक्ष नाहीं. दुर्भिक्ष आहे तें शेजारीं बसून ऐकणाऱ्याचें. एकटा श्रोता आवडलेलें पुनःपुन्हां ऐकतो आणि न आवडलेलें अर्ध्यावर सोडतो. बैठकींत मात्र मित्राच्या आवडीखातर शेवटपर्यंत थांबावें लागतें. ज्यानें मुद्रिका आणली त्यानें ती कां प्रिय आहे हें दोन वाक्यांत सांगावें. वाजत असतां कोणीं बोलूं नये. मग ज्यास ती रुचली नाहीं त्यास प्रथम बोलूं द्यावें. इतकें पथ्य पाळलें तर पुरे.

आरंभींच्या आक्षेपाचें उत्तरही त्यांतच आहे. संगीत कोणत्या भूमींत जन्मलें, हें इतिहास सांगतो. तें आपलें झालें कीं नाहीं, हें त्याविषयीं मित्राशीं मनापासून भांडतां येतें कीं नाहीं, यावरून समजतें.