जामखेडचा संसार

(भंडारा येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



भंडाऱ्यात बालकांच्या आरोग्याविषयी बोलू लागले की ९ जानेवारी २०२१ ची ती रात्र आठवल्यावाचून राहत नाही. येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बालके दगावली. गरिबाचे मूल जगावे ही जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या रात्रीने आपणापुढे ठेवला. या प्रश्नासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचे आज स्मरण करू.

वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या या दोघांनी १९६० साली विवाह केला, तोच ग्रामीण उपेक्षितांसाठी काम करण्याच्या संकल्पाने. अमेरिकेत पुढील शिक्षण पुरे करून १९७० साली ते नगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेडला आले. तेथे जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ पहिला वाढदिवसही पाहत नसत. ही मुले अतिसाराने, कुपोषणाने, धनुर्वाताने जात. म्हणजे रुग्णालयाची पायरी चढण्यापूर्वीच घरात मरत. तेव्हा उपायही घरापासूनच सुरू व्हावयास हवा, हे त्यांनी ओळखले.

प्रथम नेमलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात. मग गावांनीच निवडलेल्या स्त्रियांना त्यांनी शिकविले. त्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. मीठ-साखरेचे पाणी, स्वच्छ बाळंतपण, मुलाचे वजन ही विद्या त्यांच्या हाती आली. पाण्यासाठी विंधनविहिरी घेतल्या, त्याही दलित वस्त्यांत. सवर्णांना पाण्यासाठी तेथे यावे लागले. पंचवीस वर्षांत बालमृत्यूचे प्रमाण तिशीच्या खाली आले. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेपूर्वीच जागतिक आरोग्य संघटनेने या प्रयोगाची दखल घेतली होती. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार पतिपत्नी दोघांना मिळून लाभला.

ध्येयासाठी संसार सोडावा लागतो, असे आपण कार्यकर्ते सहज बोलून जातो; त्या बोलण्याचा भार मात्र बहुधा घरच्या बाईवर पडतो. जामखेडला तसे घडले नाही. मेबल या वाट पाहणाऱ्या पत्नी नव्हत्या. बरोबरीच्या चिकित्सक आणि संशोधक होत्या. ‘जामखेड’ हे १९९४ चे पुस्तकही दोघांचे. १९९९ साली त्या गेल्या. डॉक्टरांनी २०११ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत काम चालविले. कन्या डॉ. शोभा आणि पुत्र रवी यांनी तीच धुरा उचलली. स्वतःच्या कुटुंबावरील प्रेम आणि परक्याच्या मुलाची काळजी यांत त्यांना विरोध दिसला नाही.

एका बाबतीत मात्र, अर्थशास्त्राचा जुना शिक्षक म्हणून, माझा नम्र मतभेद आहे. जामखेडच्या आरोग्यसेविका पगारदार नव्हत्या. त्यांच्या उपजीविकेला कर्जाचा आणि लहान व्यवसायांचा आधार देण्यात आला. एका संस्थेच्या जिव्हाळ्यात ते शोभले. शासनाने २००५ नंतर ‘आशा’ योजना आखताना तोच सेवाभाव उचलला. जिव्हाळा आणि आधार मागेच राहिले. २०२१ आणि २०२३ साली महाराष्ट्रातील आशाताईंना मोबदल्यासाठी संप करावा लागला. दुसऱ्याचे मूल जगविणाऱ्या स्त्रीच्या श्रमाला ‘सेवा’ म्हणायचे आणि वेतन नाकारायचे, हे शोषणच होय.

आरोळे दांपत्याचे ऋण फेडावयाचे असेल तर हारतुरे पुरणार नाहीत. आपल्या गावच्या आशाताईच्या वेतनासाठी आपण उभे राहिले पाहिजे.