विलायतेच्या रानात बिबट्या आहे काय?

विलायतेत वाघ नाही, सिंह नाही आणि बिबट्याही नाही, हे आपण सर्वांनी शाळेत भूगोलाच्या तासाला ऐकलेले आहे. मांजरकुळातला तिथला मूळचा जंगली प्राणी आज एकच उरला आहे, तो म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगरातले रानमांजर. आणि तेही आता दुर्मिळ झाले आहे. असे असूनही गेली साठ वर्षे त्या देशाच्या खेड्यापाड्यांतून एक बातमी पुन्हा पुन्हा येत असते. संध्याकाळच्या वेळी कुणाला तरी शेताच्या कडेला एक मोठे, लांब शेपटीचे, बहुधा काळे जनावर दिसते. कुत्रे नव्हे, घरचे मांजर नव्हे, बिबट्याच होता, असे तो माणूस शपथेवर सांगतो. सांगणारे सगळेच काही थापाडे नसतात. त्यात शेतकरी असतात, गाडीवान असतात, पोलीसही असतात.

लंडनच्या दक्षिणेला सरे नावाचा परगणा आहे. तिथे १९६० नंतरच्या वर्षांत प्यूमा हिंडतो, अशी मोठी बोलवा उठली. प्यूमा म्हणजे अमेरिका खंडातले तांबूस रंगाचे, बिबट्याएवढे मोठे जनावर. गोडाल्मिंगच्या पोलीस ठाण्याने यासाठी खास वही घातली, आणि १९६४ ते १९६६ या दोन वर्षांत तिच्यात साडेतीनशेवर नोंदी झाल्या. पुढे १९८३ साली डेव्हन परगण्यातल्या एका शेतकऱ्याने, तीन महिन्यांत आपली शंभरएक मेंढरे गेली, अशी तक्रार केली. तेव्हा सरकारने एक्समूरच्या माळावर नौदलाचे नेमबाज सैनिक पाठवले. ते दबा धरून बसले आणि शिकार न करताच परत आले.

आता तुम्ही विचाराल, की विलायतेत ही जनावरे येणार कुठून? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे. एके काळी त्या देशात सिंहाचा छावा दुकानातून विकत घेता येत असे. लंडनच्या हॅरॉड्स या प्रसिद्ध दुकानातून १९६९ साली दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी असा एक छावा घेतला आणि शहरातच वाढवला. पुढे त्याला आफ्रिकेत केनियाला नेऊन सोडण्यात आले. १९७६ साली मात्र धोकादायक वन्य प्राण्यांविषयी कायदा झाला. परवाना काढा, पक्का पिंजरा बांधा, विमा उतरवा, असा खर्च मालकांच्या मागे लागला. काही मालकांनी आपली जनावरे गुपचूप रानात सोडून दिली, असे म्हणतात. त्या वेळी असे सोडणे हा गुन्हादेखील नव्हता. तो १९८१ च्या कायद्याने झाला.

म्हणजे एखाददुसरे जनावर मोकळे सुटले असेल, हे अगदी शक्य आहे. तसे पुरावेही आहेत. १९८० साली स्कॉटलंडमध्ये कॅनिक या गावाजवळ एका शेतकऱ्याने सापळा लावला आणि त्यात खरोखरच एक प्यूमा मादी अडकली. पण ती अंगाने चांगली भरलेली होती आणि माणसांना सरावलेली होती. गुदगुल्या केल्या की खूश होई! रानात जन्मलेल्या जनावराचे हे वागणे नव्हे. पुढे ती प्राणिसंग्रहात राहिली, १९८५ साली मेली, आणि आज पेंढा भरून इन्व्हर्नेसच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. ब्रिस्टलच्या संग्रहालयातही कॅनडातल्या जातीचा एक लिंक्स आहे. लिंक्स म्हणजे कानांवर केसांचे झुपके असलेले, आखूड शेपटीचे मोठे रानमांजर. हा लिंक्स विसाव्या शतकाच्या आरंभी डेव्हनमध्ये मारला गेला. शास्त्रज्ञांनी २०१३ साली त्याची हाडे आणि दात तपासले, तेव्हा तो बराच काळ पिंजऱ्यात राहिलेला असावा, असे दिसून आले.

पण श्रोतेहो, एक सुटलेले जनावर असणे वेगळे आणि त्या जातीची रानात वस्ती असणे वेगळे. बिबट्या रानात साधारण बारा-पंधरा वर्षे जगतो, पिंजऱ्यात वीसएक वर्षे. १९७६ साली सोडलेले जनावर आज जिवंत असणे शक्यच नाही. आज जर तिथे बिबटे असतील, तर ते तिथेच जन्मलेले असले पाहिजेत. म्हणजे नर हवेत, माद्या हव्यात, पिल्ले हवीत. आणि हे सारे पन्नास वर्षे अखंड चालू राहायला हवे. खायला काही कमी नाही. हरणे आहेत, मेंढ्या तर कोट्यवधी आहेत. प्रश्न इतकाच, की इतक्या जनावरांच्या खुणा कुठे आहेत?

कोणी म्हणेल, की बिबट्या लपण्यात पटाईत असतो. बरोबर आहे. १९३३ साली झुरिकच्या प्राणिसंग्रहातून एक काळी बिबट मादी निसटली होती. ती सुमारे दहा आठवडे, भर थंडीत, दाट वस्तीच्या त्या मुलखात जगली. पण शेवटी ती सापडलीच. आणि बिबट्याचे लपणे म्हणजे काय, हे आपल्या अकोल्या-जुन्नरच्या शेतकऱ्याला आणखी कुणी सांगायला नको. अकोले भागातल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ऊस, मका आणि वस्त्यांच्या त्या मुलखात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे आढळले, तेही एका चौरस किलोमीटरात तीनशेवर माणसे राहत असताना. गावकऱ्याला तो क्वचित दिसतो, हे खरे. पण त्याचे असणे लपत नाही. पाणंदीत ठसे उमटतात, गोठ्यातली शेळी जाते, उसाच्या फडात बछडी सापडतात, कोणी विहिरीत पडतो, कोणी मोटारीखाली येतो. वाटेवर कॅमेरे बांधून ठेवले, की रात्री त्याचे चित्र निघते. विलायतेत तर रस्त्यांचे जाळे दाट, आणि खिशात कॅमेरा बाळगणारी माणसे कोट्यवधी. रस्त्यावर मेलेले कोल्हे आणि बिज्जू तिथे नेहमी दिसतात. इतक्या वर्षांत रस्त्यावर मेलेला बिबट्या मात्र कुणी पुढे आणलेला नाही.

मग लोक पाहतात तरी काय? याचे उत्तर १९९५ च्या एका चौकशीत सापडते. कॉर्नवॉलमधल्या बॉडमिनच्या माळावर मोठे श्वापद आहे, अशी ओरड फार वाढली, तेव्हा तिथल्या शेतकी खात्याने सहा महिने तपास केला. अधिकारी छायाचित्रे घेऊन त्या त्या जागी गेले. चित्रात जनावर ज्या कुंपणाशी वा खांबाशी दिसत होते, तिथेच मोजपट्टी उभी केली. आणि काय आढळले? चित्रातले भयंकर श्वापद साध्या मांजराएवढे भरले! उघड्या माळावर, सांजवेळी, शेजारी माप घ्यायला काही नसले, की काळ्या मांजराचा बिबट्या व्हायला वेळ लागत नाही. खात्याने अहवालात लिहिले, की श्वापद असल्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. मात्र ते नाहीच, हेही सिद्ध करता येत नाही.

त्यानंतर आठवडाभरातच गंमत झाली. तिथल्या फोवी नदीत एका मुलाला मोठी कवटी सापडली. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी सांगितले, की कवटी खरोखरच तरुण बिबट्याची आहे. लोकांना वाटले, झाले, मिटला वाद! पण तज्ज्ञ तिथे थांबले नाहीत. कवटीच्या मागचा भाग कापलेला होता, सुरीच्या खुणा होत्या, आणि आत उष्ण प्रदेशातल्या झुरळाची अंडकोशी अडकलेली होती. म्हणजे ही कवटी परदेशातून आलेल्या बिबट्याच्या कातड्याच्या गालिच्यातली! जिनसेची ओळख बरोबर होती, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा होता.

अलीकडची गोष्ट सांगायची, तर २०२४ साली कंब्रिया भागातल्या एका मेलेल्या मेंढीवर, वाघ-सिंह-बिबट्या ज्या गटात मोडतात त्या गटाच्या जनावराचा आनुवंशिक अंश मिळाला, असे वॉरिक विद्यापीठातल्या तपासणीतून जाहीर झाले. ही नोंद झटकून टाकण्यासारखी नाही. पण ती पुरती मान्य केली, तरी तिने एक जनावर सिद्ध होईल, वस्ती नव्हे. याच्या शेजारी २०२५ च्या जानेवारीतली घटना ठेवून पाहा. स्कॉटलंडच्या डोंगरात किंगुसी गावाजवळ कुणीतरी चार लिंक्स चोरून सोडले. एका दिवसात दोन नजरेस पडले, आणि दोन-तीन दिवसांत चारही पकडले गेले. त्यांतला एक बिचारा लगेच मेला. चार जनावरे चार दिवस लपली नाहीत, मग शेकडो जनावरे पन्नास वर्षे कशी लपतील?

म्हणून माझे मत असे, की विलायतेत अधूनमधून सुटलेले परके जनावर असू शकते, पण बिबट्यांची वा प्यूमांची नांदती वस्ती तिथे आहे, असे मानायला आधार नाही.

हा प्रश्न नुसत्या करमणुकीचा नाही, बरं का. मेंढरे मेली, हे खरे असते. धनी कर्जात जातो. ती मारणारी बहुधा मोकाट कुत्री असतात. आणि मेलेल्या मेंढरावर मागून कोल्हे, कावळे येऊन खुणा बिघडवतात. दोष अदृश्य बिबट्यावर गेला, की कुत्र्यांचा मालक सुटतो आणि पुढच्या आठवड्यात आणखी मेंढरे जातात. उलट, सांगणाऱ्याची टर उडवली, तर तो पुढच्या वेळी गप्प बसतो, आणि खरे जनावर आले तरी कुणाला कळत नाही. आपल्याकडेही बिबट्या समजून तरसाच्या किंवा रानमांजराच्या मागे काठ्या घेऊन धावण्याचा धोका असतोच.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. गावात अशी बातमी उठली, तर वर्गात ती हसण्यावारी नेऊ नका आणि घाबरूनही जाऊ नका. पाहणाऱ्याला चारच गोष्टी विचारायला मुलांना शिकवा : किती लांबून पाहिले? किती वेळ पाहिले? उजेड कसा होता? जनावराच्या शेजारी काय होते? मग त्या जागी काठी घेऊन जा आणि माप घ्या. ठसा सापडला, तर नीट पाहा. कुत्र्याच्या आणि तरसाच्या पावलात नखे उमटतात. मांजरकुळातली जनावरे नखे आत ओढून चालतात, म्हणून त्यांच्या ठशात ती सहसा दिसत नाहीत. ठशावर घमेले पालथे घाला आणि वनखात्याच्या माणसाला बोलवा. ठसा बिबट्याचा निघाला, तर शेळ्या-वासरे रात्री बंद गोठ्यात घ्या आणि अंधारात मुलांना एकटे सोडू नका. कुत्र्याचा निघाला, तर ते कुत्रे कुणाचे, याचा तपास गावानेच करायचा आहे.