विदुराचा न ऐकलेला सल्ला

विदुरनीतीतील सुभाषिते अनेकांना मुखोद्गत असतात. उद्योगपर्वातील ३३ ते ४० या आठ अध्यायांवर व्याख्यानेही पुष्कळ होतात. मात्र ज्या रात्री हा उपदेश झाला, त्या रात्रीचा शेवट सहसा कोणी सांगत नाही. पांडवांकडून परतलेला संजय दुसऱ्या दिवशी सभेत काय सांगणार, या चिंतेने धृतराष्ट्राची झोप उडाली होती. त्याने धाकट्या भावास बोलावले. विदुर रात्रभर बोलला. अखेरीस राजाने कबुली दिली की हे सारे त्याला पटते, पांडवांकडे मनही झुकते. पण दुर्योधन भेटला की ते पुन्हा फिरते. कळत होते, वळत नव्हते!

विदुरास हा अनुभव नवा नव्हता. पांडव वनवासास निघाल्यावर राजाने विचारले म्हणूनच त्याने सांगितले होते की त्यांचे राज्य त्यांना परत द्यावे. धृतराष्ट्र संतापला. विदुर पांडवांचा पक्षपाती आहे, त्याने हवे तर राहावे, हवे तर जावे, असे शब्द त्याने सख्ख्या भावासारख्या या मंत्र्यास ऐकविले. विदुर काम्यकवनात गेला. पुढे राजास पश्चात्ताप झाला आणि संजय बोलावण्यास आला, तेव्हा तो कोणतीही अट न घालता परतला. दोन्ही भावांची मुले आपल्याला सारखीच, परंतु पांडव दीन अवस्थेत असल्याने मन तिकडे धावते, एवढेच त्याने सांगितले. झाल्या अपमानाचा हिशेब मांडला नाही आणि आपले मतही बदलले नाही. या दोन गोष्टी एकत्र साधणे फार अवघड. मान राखण्यासाठी मनुष्य एकतर रुसून बसतो, नाहीतर पुढील वेळी राजाला रुचेल तेच बोलू लागतो.

तरीही विदुर मनुष्यच होता, तोही थकला. भगवान श्रीकृष्ण शिष्टाईस आले, दुर्योधनाचे अन्न नाकारून विदुराघरी जेवले. त्या रात्री विदुरानेच त्यांना परोपरीने विनविले की या सभेत जाऊ नये. बहिऱ्यापुढे गाण्यासारखे ते होईल. आयुष्यभर सल्ला देणाऱ्याचा सल्ल्यावरचा विश्वास उडाला होता. भगवंतांनी त्याच्या प्रेमाचा आदर केला, पण त्याचे म्हणणे मानले नाही. आप्त अकार्यास प्रवृत्त झाला तर त्याला केस धरूनही मागे ओढण्याचा यत्न करावा, यश न आले तरी यत्नाचे पुण्य लाभते, आणि समर्थ असूनही कृष्णाने कौरवांना आवरले नाही असे कोणी म्हणू नये, असा त्यांच्या उत्तराचा आशय.

म्हणजे त्या रात्री विदुराचाही सल्ला नाकारला गेला, तोही साक्षात भगवंतांकडून! त्याने तो नकार मनाला लावून घेतला नाही. दुसऱ्या दिवशी भरसभेत भीष्म-द्रोणांच्या पाठोपाठ तोही पुन्हा दुर्योधनाशी बोलला. त्या बोलण्यात जिंकण्याची आशा नव्हती. दुर्योधनासाठी नव्हे, तर त्याच्या वृद्ध मातापित्यांसाठी आपल्याला शोक होतो, असे त्याने सांगितले.

दुर्योधन सभा सोडून निघून गेला. पुढे युद्ध झाले. शंभर पुत्र गमावलेला राजा भूमीवर कोसळला, तेव्हा त्याने हितचिंतकांचे ऐकले नाही याची आठवण संजयाने करून दिली. तसे म्हणण्याचा अधिकार विदुराइतका कोणासही नव्हता. स्त्रीपर्वात विदुर राजाजवळ येतो आणि त्याला प्रथम उठावयास सांगतो.