जुने लाकूड आणि नवा हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायचा सराव नाही. पण आमच्या चौघींच्या कामाविषयी चार शब्द सांगावेत अशी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून उभी राहिले आहे. आरंभी माझीच एक चूक सांगते.

मे २०२१ मधले तौक्ते वादळ आपणा सर्वांना आठवत असेलच. आमच्या माजघरावरची कौले उडाली आणि सासूबाईंचे कपाट दोन दिवस पावसात भिजले. पुढे एक व्यापारी दारात आला. कपाट, दोन खुर्च्या आणि एक पेटारा मिळून त्याने तीन हजार रुपये हातावर ठेवले. अडगळ गेली आणि कौलांना पैसे झाले, ह्या आनंदात मी होते.

वर्षाने भाचीच्या लग्नाच्या खरेदीसाठी मुंबईला गेले. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात आमचे कपाट उभे! मधल्या फळीवर निरांजनाने पडलेला काळा डाग होता, म्हणून ओळखले. किंमत विचारली. पस्तीस हजार. मला तिथेच खाली बसावेसे वाटले.

घरी येऊन वाडीतल्या म्हाताऱ्या सुतारकाकांना सांगितले. ते म्हणाले, "वयनी, तुमी लाकडाक बगितलासच नाय. आतला लाकूड जिता होता." खरेच होते. व्यापाऱ्याने मला लुबाडले असे मी म्हणत नाही. त्याने वाहतूक केली, डागडुजी केली, पॉलिश केले. पण शिसव कोणते, साग कोणता, फणस कोणता, एवढे तरी मला कळायला हवे होते. ते त्याला कळत होते, मला नव्हते. तफावत होती ती एवढ्याचीच.

तेव्हापासून आम्ही चौघी काकांच्या हाताखाली शिकलो. त्यातले थोडे सांगते, घरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट वाळवी आणि भुंगेरे. भोकांतून ताजा पिवळा भुसा गळत असेल तर कीड अजून आत आहे असे समजावे. तिचा बंदोबस्त झाल्यावाचून पॉलिशला हात लावू नये. दुसरी गोष्ट सांधे. जुन्या कामात सरस असतो, तो ओलीने सुटतो. म्हणून लगेच खिळे ठोकू नयेत. सांधा साफ करून पुन्हा चिकटवावा आणि दोरीने आवळून ठेवावा. मग पॉलिश पेपर, तोही लाकडाच्या रेषेबरोबर, आडवा कधी नाही.

पॉलिशसाठी एक लिटर स्पिरिटमध्ये दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा लाख रात्रभर विरघळत ठेवावी आणि फडक्याने गाळून घ्यावी. जवळ चूल वा विडी नको, खिडक्या उघड्या हव्यात. हात पातळ द्यावेत आणि पुष्कळ द्यावेत. मात्र आपल्या पावसाळ्यात हे काम करू नये. हवेतल्या ओलीने पॉलिशवर पांढुरकी छटा येते. आम्ही दसऱ्यानंतर काम काढतो आणि मिरग येण्याआधी आवरतो.

एकदा मात्र आमच्या हातून अनर्थच व्हायचा. एक काळवंडलेला पाट आला, मी पॉलिश पेपर उचलला. काकांनी हात धरला. ओल्या फडक्याने हळूच पुसले, तर खाली सावंतवाडीच्या चिताऱ्यांची वेलबुट्टी! ही कला मरायला टेकली असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यात तिला पुन्हा उभे केले. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेला आणि लाकडी कामाला भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि मी ती पाच मिनिटांत खरवडून टाकणार होते! तो पाट आम्ही नुसता पुसून मालकिणीला परत दिला.

आता हिशेब. वेताची आरामखुर्ची आठशेला घेतली. वेत सहाशे, पॉलिशचे सामान अडीचशे, सुतारकाकांचे चारशे. एकूण दोन हजार पन्नास. साडेतीन हजारांना विकली. राहिले चौदाशे पन्नास, वाटणी चौघींत. ह्यात कोणी श्रीमंत होत नाही. पण तो पैसा आपल्या हाताचा असतो.

शेवटी मनातले सांगते. पहिल्या वर्षी एक शेजारीण दवाखान्याच्या खर्चासाठी शिसवी पलंग विकायला आली. सांगेल त्या किमतीला ती देणार होती. माझ्या मनात मोह आला, खोटे कशाला बोलू? मग आठवले, मी स्वतः तिच्याच जागी उभी होते. आम्ही तिला पलंग शिसवाचा आहे हे सांगितले, थोडी उचल दिली, पॉलिश करून तिच्याच नावावर विकला आणि आमची मजुरी तेवढी घेतली. तेव्हापासून आमचा हाच नेम आहे: विकणारीला आधी लाकूड सांगायचे, भाव मग बोलायचा.

तेव्हा भगिनींनो, उद्या दारात व्यापारी आला तर त्याला हाकलू नका. पण देण्याआधी कपाटाची मागची बाजू पुसून पाहा, नाहीतर आम्हांला हाक मारा. पाहायचे आम्ही काही घेत नाही. चहा मात्र घेऊ.